पहिल्या दिवसाच्या टी-पेशी अँटी-फासला दाद देत नाहीत, सहाव्या दिवशी मात्र पटापट मरतात. अडतंय कुठे?

टीसेल_पुणे

नमस्कार मंडळी. निरोगी रक्तदात्यांच्या टी-पेशींवर फासचा (पेशीला आत्मनाशाचा संदेश देणाऱ्या पृष्ठभागावरच्या रिसेप्टरचा) प्रयोग चालू आहे. पद्धत नेहमीचीच: पीबीएमसीमधून (रक्तातल्या एककेंद्रकी पांढऱ्या पेशींमधून) टी-पेशी वेगळ्या करायच्या, पीएचए (टी-पेशींना जागं करणारं वनस्पतीजन्य प्रथिन) १ मायक्रोग्रॅम प्रति मिली घालून १६ तास ठेवायच्या, मग धुऊन आयएल-२ या वाढीच्या प्रथिनावर (२५ युनिट प्रति मिली) सहाव्या दिवसापर्यंत वाढवायच्या. पहिल्या आणि सहाव्या दिवशी सीएच-११ ही फास चालू करणारी अँटीबॉडी १०० नॅनोग्रॅम प्रति मिली द्यायची आणि १६ तासांनी अ‍ॅनेक्सिन-व्ही (मरणाऱ्या पेशींना चिकटणारं प्रथिन) व पीआय (आवरण फाटलेल्या पेशींत शिरणारा रंग) लावून फ्लो सायटोमीटरवर बघायचं.

पहिल्या दिवशी अँटीबॉडीशिवाय १८ टक्के अ‍ॅनेक्सिन पॉझिटिव्ह, अँटीबॉडी दिल्यावर २० टक्के. सहाव्या दिवशी २२ आणि ६१ टक्के. फास म्हणजे सीडी९५ पहिल्या दिवशीही पृष्ठभागावर स्पष्ट दिसतो. याच अँटीबॉडीने जर्काट पेशी (प्रयोगशाळेत वाढवलेल्या टी-ल्युकेमियाच्या पेशी) पाच-सहा तासांत मरतात, म्हणजे अँटीबॉडी खराब नाही.

विचारायचं ते असं: रिसेप्टर आहे, अँटीबॉडी चालते, मग पहिल्या दिवशी साखळी कुठे तुटते? अँटीबॉडी न दिलेल्या पेशींमध्ये २० टक्क्यांच्या आसपास बॅकग्राउंड कुठून येतो? आणि सहाव्या दिवशी झेडव्हॅड (कॅस्पेझ, म्हणजे मृत्यू घडवणारी कातरणारी एन्झाइम्स, रोखणारं रसायन) २० मायक्रोमोलर दिलं तरी मृत्यू पूर्ण थांबत नाही, हे कसं?

डिस्क_बघा

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो. बॅकग्राउंडबद्दल इथे जास्त जाणकार लोक आहेत.

फास पृष्ठभागावर असणं ही फक्त सुरुवात. अँटीबॉडीने तीन किंवा जास्त फास एकत्र खेचले की आतल्या बाजूच्या डेथ डोमेनवर फॅड हे प्रथिन येऊन बसतं, फॅडवर प्रोकॅस्पेझ-८ (कॅस्पेझ-८ चं अजून चालू न झालेलं रूप) येतं, आणि तिथे प्रोकॅस्पेझ-८ चे रेणू जवळ आले की एकमेकांना चालू करतात. या जुळणीला डिस्क म्हणतात. पहिल्या दिवसाच्या टी-पेशींत नेमकं इथेच अडतं: फास आणि फॅड असूनही डिस्कमध्ये कॅस्पेझ-८ फारच कमी पोचतं. सहाव्या दिवशी तेच भरपूर येतं आणि तुटून सक्रिय होतं.

अडवणारा मुख्य गडी सी-फ्लिप. त्याची रचना कॅस्पेझ-८ सारखी, पण आतला कातरणारा भाग निकामी. तो फॅडजवळ कॅस्पेझ-८ ची खुर्ची अडवून बसतो. त्याचा आखूड प्रकार कॅस्पेझ-८ ला पूर्ण थोपवतो. लांब प्रकार जास्त गुंतागुंतीचा: तो कॅस्पेझ-८ शी जोडी करतो आणि त्या जोडीत थोडीशी क्रिया शिल्लक राहते. ती पेशी मारायला पुरत नाही, पण वाढीच्या संदेशांना लागते. टीसीआरमधून (टी-पेशीच्या जंतू ओळखणाऱ्या रिसेप्टरमधून) नुकताच संदेश मिळालेल्या पेशीत एनएफ-कप्पाबी या जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनामार्फत सी-फ्लिप वर जातो.

पण सगळं खापर सी-फ्लिपवर फोडू नका. त्याच काळात मृत्यू रोखणारं बीसीएल-एक्सएलही वाढलेलं असतं, म्हणजे मायटोकाँड्रियाचा दरवाजाही बंद. थोडंसं कॅस्पेझ-८ सक्रिय झालंच, तर बिड हे प्रथिन कापलं जाऊन त्याचा मारक तुकडा टी-बिड तयार होईल, पण बॅक्स आणि बॅक या प्रथिनांना मायटोकाँड्रियाला भोकं पाडू न देणारं बीसीएल-एक्सएल समोर उभं असेल. सहाव्या दिवसापर्यंत दोन्ही उतरतात.

शरीराच्या दृष्टीने हे बरोबरच आहे. जंतू नुकताच ओळखलेली पेशी लगेच मेली तर प्रतिकार वाढायचा कसा? आधी संख्या वाढू द्यायची, काम झालं की छाटायची. गंमत अशी की छाटणीची तयारीही आयएल-२ च करतं: जास्त दिवस आयएल-२ मिळालं की फास-लिगँड वाढतं आणि सी-फ्लिप कमी होतं. वाढवणारा आणि मारायला तयार करणारा रेणू एकच.

जर्काटशी तुलना इथे दिशाभूल करेल. फासच्या बाबतीत पेशींचे दोन प्रकार मानतात, हा फरक १९९८ मध्ये मांडला गेला. पहिल्या प्रकारात डिस्कवर इतकं कॅस्पेझ-८ तयार होतं की ते थेट कॅस्पेझ-३ ला चालू करतं. दुसऱ्या प्रकारात डिस्क कमकुवत असते, म्हणून मायटोकाँड्रियाची मदत लागते, आणि तिथे बीसीएल-२ (बीसीएल-एक्सएलचा भाऊबंद) जास्त असेल तर मृत्यू थांबतो. एसकेडब्ल्यू६.४ आणि एच९ या प्रयोगशाळेतल्या पेशी पहिल्या प्रकारातल्या, जर्काट आणि सीईएम दुसऱ्या. शिवाय जर्काटमध्ये पीटेन हे लगाम घालणारं प्रथिन नाही, त्यामुळे पेशीला जगवणारं एकेटी कायम चालू. जर्काट मेल्या यावरून अँटीबॉडी जिवंत आहे इतकंच कळतं.

खात्री करायची तर डिस्क आयपी (अँटीबॉडीने डिस्क ओढून बाहेर काढणं) करा. प्रत्येक नमुन्याला किमान १ ते ५ कोटी पेशी घ्या. ३७ अंशांवर ५ ते १० मिनिटं अँटीबॉडी, मग लगेच बर्फासारख्या थंड पीबीएसमध्ये ओतून थांबवा. लायसिस बफर: ३० मिलिमोलर ट्रिस पीएच ७.५, १५० मिलिमोलर सोडियम क्लोराइड, १० टक्के ग्लिसरॉल, १ टक्का ट्रायटन एक्स-१००, आणि ताजे प्रोटीएझ इनहिबिटर. कंट्रोल नमुन्यात अँटीबॉडी लायसिसनंतर घाला, म्हणजे फास दोन्हींत सारखा ओढला जाईल पण डिस्क फक्त उत्तेजित नमुन्यात दिसेल.

दोन खाचखळगे. सीएच-११ ही आयजीएम प्रकारची अँटीबॉडी आहे, ती प्रोटीन-ए मण्यांना नीट चिकटत नाही. आयपीसाठी अँटी-एपीओ-१ सारखी फासलाच चिकटणारी आयजीजी प्रकारची घ्या. दुसरं, आयजीजीची जड साखळी ५० ते ५५ किलोडाल्टनला येते आणि अखंड कॅस्पेझ-८ व लांब सी-फ्लिपही तिथेच येतात. प्रायमरी अँटीबॉडी वेगळ्या आयसोटाइपची (उपप्रकाराची) घेऊन फक्त तेवढाच आयसोटाइप ओळखणारी सेकंडरी वापरा, नाहीतर वेस्टर्न ब्लॉटवर जाड काळा पट्टा आणि बाकी अंधार. कॅस्पेझ-८ चे ४३/४१ आणि १८ किलोडाल्टनचे तुकडे मात्र स्वच्छ दिसतात. पहिला दिवस आणि सहावा दिवस यांतला फरक तिथेच वाचा.

सायक्लोहेक्झिमाइड (नवी प्रथिनं बनणं थांबवणारं रसायन) घालून सी-फ्लिप उतरवायचा शॉर्टकट कोणी ना कोणी सुचवेलच. त्याने पेशी संवेदनशील होतात हे खरं, पण मायटोकाँड्रिया राखणाऱ्या एमसीएल-१ चंही आयुष्य अल्पच, तेही सोबत उतरतं. मग मृत्यू डिस्कमुळे मोकळा झाला की मायटोकाँड्रियामुळे, हे सांगता येत नाही. सी-फ्लिपचा एसआयआरएनए (जनुक गप्प करणारा छोटा आरएनए) इलेक्ट्रोपोरेशनने घाला, आणि स्वतंत्रपणे बीसीएल-एक्सएल रोखणारं ए-१३३१८५२ वापरून बघा.

फ्लोवाली

बॅकग्राउंडबद्दल. तुमचे १८ आणि २२ टक्के खरे मेलेले असतीलच असं नाही.

अ‍ॅनेक्सिन-व्ही ओळखतं फॉस्फॅटिडिलसेरिन, म्हणजे पीएस. एरवी पीएस पेशीच्या आवरणाच्या आतल्या थरात असतं. अपॉप्टोसिसमध्ये (पेशीच्या नियोजित मृत्यूत) कॅस्पेझ दोन कामं करतात: पीएस आत ओढणारं एटीपी११सी तोडतात आणि दोन्ही थर मिसळणारं एक्सकेआर८ कापून चालू करतात. पण पीएस बाहेर यायला मृत्यूच लागतो असं नाही. टीसीआरमधून नुकत्याच उत्तेजित झालेल्या जिवंत टी-पेशीही काही काळ पीएस दाखवतात. त्यामुळे पहिल्या दिवसाचा अ‍ॅनेक्सिन आकडा एकट्याने वाचूच नये.

दुसरा चोर प्लेटलेट्स. त्या लिम्फोसाइटला चिकटतात, स्वतः भरपूर पीएस दाखवतात, आणि फ्लोला ती एकच अ‍ॅनेक्सिन पॉझिटिव्ह पेशी वाटते. एका नळीत सीडी४१ किंवा सीडी६१ (प्लेटलेट्सच्या खुणा) लावा, अ‍ॅनेक्सिन पॉझिटिव्ह ठिपके तिथेही पॉझिटिव्ह दिसले तर चोर सापडला. उपाय सोपा: फायकॉलनंतरची (रक्तातून पेशी वेगळ्या करणाऱ्या द्रवानंतरची) धुलाई सेंट्रिफ्यूजमध्ये २०० जी वर १० मिनिटं, दोन-तीन वेळा. लिम्फोसाइट खाली बसतात, प्लेटलेट्स वरच्या द्रवात राहून ओतल्या जातात. ३०० किंवा ४०० जी वर धुतलं तर त्या खालीच येतात.

तिसरं, कॅल्शियम. अ‍ॅनेक्सिन कॅल्शियमशिवाय चिकटतच नाही. बफर असा: १० मिलिमोलर हेपेस पीएच ७.४, १४० मिलिमोलर सोडियम क्लोराइड, २.५ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड. पीबीएसमध्ये कॅल्शियम घालू नका, फॉस्फेटबरोबर साका धरतो आणि सूक्ष्म कण फ्लोवर कचरा म्हणून येतात. चुंबकीय मण्यांनी पेशी वेगळ्या करताना वापरलेल्या बफरमध्ये कॅल्शियम पकडून ठेवणारं ईडीटीए असतं, ते पूर्ण धुवा. थोडं जरी राहिलं तरी अ‍ॅनेक्सिन फिकं पडतं, आणि तुम्हाला वाटतं पेशी वाचल्या.

स्टेनिंग: धुतलेल्या १ लाख पेशी १०० मायक्रोलिटर बफरमध्ये, ५ मायक्रोलिटर अ‍ॅनेक्सिन-फिट्सी, ५ मायक्रोलिटर पीआय (किट बदललं की मात्रा टायट्रेट करा), अंधारात खोलीच्या तापमानाला १५ मिनिटं, मग धुवायचं नाही, ४०० मायक्रोलिटर बफर घालून तासाभरात मशीनवर. ‘खोलीचं तापमान’ म्हणजे २० ते २५ अंश. मे महिन्यात एसी बंद असलेल्या खोलीत ते ३५ होतं, तो वेगळाच प्रयोग. चार नळ्या प्रत्येक वेळी हव्यातच: बिनरंगी, फक्त अ‍ॅनेक्सिन, फक्त पीआय, आणि दोन्ही रंगांबरोबर ईडीटीए घातलेली. शेवटच्या नळीत अ‍ॅनेक्सिनचा जो प्रकाश उरतो तो कॅल्शियमशिवायचा, म्हणजे खोटा.

गेट लावताना मरणाऱ्या पेशी बाहेर टाकू नका. अपॉप्टोसिसमध्ये पेशी आक्रसते, एफएससी (आकाराचं माप) उतरतो, एसएससी (आतल्या कणीदारपणाचं माप) सुरुवातीला किंचित चढतो. जिवंत लिम्फोसाइटभोवती घट्ट गेट काढला की मेलेल्या पेशी गेटबाहेर जातात आणि निकाल छान दिसतो. फक्त खरा नसतो.

आणि आकडे थेट वजा करू नका. सूत्र असं: दिलेल्यातून न दिलेलं वजा करा, त्याला १०० वजा न दिलेलं याने भागा, १०० ने गुणा. पहिल्या दिवशी २ भागिले ८२, म्हणजे सुमारे २.४ टक्के. सहाव्या दिवशी ३९ भागिले ७८, म्हणजे ५० टक्के.

खात्रीसाठी कापलेल्या कॅस्पेझ-३ चं आतलं स्टेनिंग करा. पेशी स्थिर करणाऱ्या ४ टक्के पीएफएमध्ये १०-१५ मिनिटं, मग आवरणाला भोकं पाडणारं ०.१ टक्का सॅपोनिन प्रत्येक पुढच्या पायरीच्या बफरमध्येही, कारण सॅपोनिनची भोकं धुतल्यावर बुजतात. अ‍ॅनेक्सिन पॉझिटिव्ह पण कॅस्पेझ-३ निगेटिव्ह असा गट पहिल्या दिवशी मोठा निघाला, तर तुमचा बॅकग्राउंड बहुतेक सक्रियतेचा आणि प्लेटलेट्सचा आहे, मृत्यूचा नाही.

टीसेल_पुणे

ताई, धुलाई ३०० जी वरच होते आहे, ती बदलतो. झेडव्हॅडच्या वेळी पेशी धुऊन नव्या माध्यमात घेतल्या जातात आणि त्यात आयएल-२ नसतं. त्याचा काही संबंध?

मायटो_काका

संबंध तर आहेच, बहुधा तेच उत्तर आहे.

सहाव्या दिवसाच्या टी-पेशी आयएल-२ वर जगतात. ते काढलं की एकेटी उतरतो, फॉक्सओ३ केंद्रकात जातो, बिम आणि प्यूमा ही मारक प्रथिनं वाढतात. हा फासचा रस्ताच नव्हे. बिम थेट बीसीएल-२ कुटुंबाला गाठतो आणि बॅक्स-बॅक मोकळे करतो. मायटोकाँड्रियाला भोकं पडली की झेडव्हॅड असो वा नसो, पेशी वाचत नाही. कॅस्पेझ बंद असल्यामुळे फक्त मरण्याची तऱ्हा बदलते: पीएस उशिरा येतं, डीएनएचे तुकडे पडत नाहीत, पण टीएमआरएम (मायटोकाँड्रियाचा विद्युतदाब दाखवणारा रंग) उतरतो आणि दुसऱ्या दिवशी पीआय आत जातं. तुमच्या १६ तासांत हे सगळं मिसळून येतं.

म्हणून अँटीबॉडीच्या काळातही २५ युनिट आयएल-२ ठेवा, आणि ‘आयएल-२ नाही, अँटीबॉडीही नाही’ हा वेगळा कंट्रोल घ्या. प्रयोगाला नाव ‘फासचा मृत्यू’ आणि मोजमाप उपासमारीचं, असं बरेचदा होतं.

आता झेडव्हॅडबद्दल. अँटीबॉडीच्या किमान ३० मिनिटं आधी द्या. माध्यमात ते फार टिकत नाही, रात्रभराच्या प्रयोगात मधेच संपतं. त्याऐवजी क्यूव्हीडी-ओपीएच (तेही कॅस्पेझ रोखतं) १० ते २० मायक्रोमोलर घ्या, ते जास्त टिकतं आणि पेशींना कमी त्रास देतं. डीएमएसओ (रसायन विरघळवणारा द्रव) ०.१ टक्क्याच्या आत, आणि तेवढंच कंट्रोललाही.

शिवाय कॅस्पेझ-८ नुसतं मारतं असं समजू नका, ते नेक्रॉप्टोसिसला (कॅस्पेझशिवाय पेशी फुटून मरण्याला) लगामही घालतं. एरवी ते नेक्रॉप्टोसिस घडवणारी आरआयपीके१ आणि आरआयपीके३ ही प्रथिनं कापून टाकतं. झेडव्हॅडने ते बंद झालं आणि पेशीत आरआयपीके३ व एमएलकेएल पुरेसं असलं, तर एमएलकेएल आवरणात भोकं पाडतं. ओळखायचं कसं: नेक्रोस्टॅटिन-१एस (आरआयपीके१ रोखणारं रसायन) १० ते ३० मायक्रोमोलर झेडव्हॅडबरोबर द्या. त्याने उरलेला मृत्यू थांबला तर आरआयपीके१ चा रस्ता. नाही थांबला आणि आयएल-२ परत दिल्यावर थांबला, तर वर सांगितलेला बिमचा.

पीएचएच्या टप्प्यात झेडव्हॅड मात्र मुळीच घालू नका. टी-पेशी जागी व्हायलाही कॅस्पेझ-८ लागतं. कॅस्पेझ-८ च्या जन्मजात दोषाचे रुग्ण २००२ मध्ये नोंदवले गेले. त्यांच्यात लिम्फोसाइट मरायला कचरतात, आणि त्याचबरोबर टी, बी व एनके पेशी नीट सक्रियही होत नाहीत.

डिस्क_बघा

काकांशी सहमत, पण १६ तास हा मूळ घोळ आहे असं माझं मत. सहाव्या दिवसाच्या पेशींत कॅस्पेझ-८ चे तुकडे पहिल्या तासाभरातच दिसायला हवेत. २, ४, ८ आणि १६ तास असे नमुने घ्या. १६ तासांनी आधी मेलेल्या पेशींचे तुकडे झालेले असतात, ते मोजले जात नाहीत, आणि टक्केवारी उलट कमी दिसते. मोजणीचे मणी घालून प्रति मायक्रोलिटर जिवंत पेशीही मोजा. फक्त टक्के म्हणजे अर्धी गोष्ट. आणि कल्चरमध्ये मोनोसाइट राहिले असतील तर त्यांचे मॅक्रोफेज होतात आणि मेलेल्या पेशी गिळतात, तीही गळती धरा.

मायटो_काका

कालमालिका हवीच. पण डिस्क आयपीच्या आधी आयएल-२ चा कंट्रोल करा. तो एका दिवसात आणि फुकटात होतो. आयपीला प्रत्येक नमुन्यामागे कोटीभर पेशी लागतात, आणि एका दात्याच्या ५० मिली रक्तातून पहिल्या दिवसासाठी तेवढ्या टी-पेशी काढणं म्हणजे कसरत. बफी कोट (रक्तपेढीत वेगळा काढलेला पांढऱ्या पेशींचा थर) मिळाला तरच नादी लागा.

रक्तपेढी_ते_वॉर्ड

क्लिनिकल बाजूने एक भर. हा पहिला-सहावा दिवसाचा फरक माहीत नसला तर निदान चुकतं.

एएलपीएस (ऑटोइम्यून लिम्फोप्रोलिफरेटिव्ह सिंड्रोम) या आजारात मुलांच्या गाठी आणि प्लीहा सहा महिन्यांहून जास्त काळ सुजलेली राहते, कारण काम संपलेल्या लिम्फोसाइट मरत नाहीत. बहुतेकांत फास जनुकात बदल असतो, हे १९९५ मध्ये सिद्ध झालं. दोन प्रतींपैकी एकच बिघडलेली असली तरी आजार होतो, कारण फास तिघांच्या जुडग्याने चालतो. निम्मी प्रथिनं बिघडलेली असतील तर तिन्ही चांगली असलेली जुडगी आठात एक. बाकी सातांत किमान एक बिघडलेलं.

फास-चाचणी तुमच्यासारख्याच पेशींवर होते: पीएचए, मग आयएल-२ वर काही दिवस, मग अँटी-फास. ती पहिल्या दिवशी केली तर निरोगी मूलही रुग्ण दिसेल. म्हणून त्याच दिवशी, त्याच बॅचमध्ये निरोगी कंट्रोल वाढवल्याशिवाय अहवाल द्यायचा नसतो, आणि बिघाड दोन स्वतंत्र चाचण्यांत दिसला तरच ग्राह्य.

उलटही घडतं. फासमधला बदल जन्मजात नसून फक्त काही रक्तपेशींत झालेला असेल, तर कल्चरमध्ये वाढतात त्या बहुतांश चांगल्या पेशी, आणि चाचणी नॉर्मल येते. फास-लिगँडमध्ये दोष असेल तरी नॉर्मलच, कारण लिगँडचं काम अँटीबॉडीने बाहेरून केलेलं असतं. तिथे फ्लोवर सीडी३ आणि टीसीआर अल्फा-बीटा असलेल्या पण सीडी४, सीडी८ दोन्ही नसलेल्या पेशी मोजतात: एकूण लिम्फोसाइटच्या १.५ टक्के किंवा सीडी३ पेशींच्या २.५ टक्के ओलांडल्या की संशय घ्यायचा. रक्तातलं विरघळलेलं फास-लिगँड मिलीला २०० पिकोग्रॅमच्या वर आणि बी-१२ लिटरला १५०० नॅनोग्रॅमच्या वर हेही खुणेचे आकडे. मुंबईत केईएमच्या आवारातली आयसीएमआरची एनआयआयएच (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी) ही संस्था अशा जन्मजात प्रतिकारदोषांवर काम करते. रुग्णाचा नमुना असेल तर आधी त्यांच्याशी बोलून मग रक्त काढा.

टीसेल_पुणे

सगळ्यांचे आभार. २०० जी धुलाई, आयएल-२ सह आणि शिवाय असे दोन्ही कंट्रोल, चार वेळांचे नमुने आणि कॅस्पेझ-३ लावून आकडे टाकतो. एक शेवटचं: रक्त जांभळ्या टोपीच्या नळीत घेऊ की हिरव्या? आणि सीएच-११ चे छोटे भाग करून गोठवले तर चालतील?

फ्लोवाली

हिरवी, म्हणजे हेपारिन. जांभळीत ईडीटीए असतं. धुऊन जातं, पण मुळात कशाला घ्यायचं? नळ्या बर्फात ठेवू नका, खोलीच्या तापमानात आणा आणि त्याच दिवशी फायकॉलवर चढवा.

सीएच-११ गोठवू नका. पाच एककांची आयजीएम आहे, गोठवून वितळवल्यावर गुठळ्या होतात आणि ताकद जाते. ४ अंशांवर ठेवा. कुपीत सोडियम अ‍ॅझाइड आहे का तेही वाचा. असेल तर तेवढंच अ‍ॅझाइड घातलेला आयसोटाइप आयजीएम कंट्रोल लावा, नाहीतर अ‍ॅझाइडने मेलेल्या पेशी फासच्या नावावर जातील.